चौगुले बाईंनी प्रेस शॉपमध्ये भरवलेला वर्ग

बाई, मी हे टाइप करतीय आणि सारखी मागं वळून बघतीय. जेवणाची सुट्टी झालीय, सगळे कॅन्टीनला गेलेत, ट्रेनिंग हॉलमध्ये मी एकटीच. शेवटच्या रांगेत भिंतीकडंची ती निळी खुर्ची, तुमची, तशीच हाय. कालपासून नवी बॅच सुरू झाली. बारा माणसं, तेरा खुर्च्या, आणि एकजण पण तिथं बसला न्हाई. मागं बसायला तर सगळ्यांना आवडतं की! त्यांना कुणी काय सांगितलेलं न्हाई, त्यांना तुमी माहीतच न्हाई. तरी दोन्ही दिवस तीच खुर्ची रिकामी.

आणि काल काय झालं सांगू? सवयीनं तोंडातून गेलं, "समजलं का सगळ्यांना?" आणि शप्पथ बाई, मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. दोनदा. वर्गात कुणी कुजबुजायला लागलं की तुमी करायचा तसा. बॅचमधला एकजण हळदीच्या गोदामात काम करून आलाय, त्याला खोकला हाय, तोच खाकरला असणार. मी स्वतःला दहा वेळा हेच सांगितलं. पण तो पहिल्या रांगेत बसलाय, बाई.

आज पंधरा दिवस झाले. तुमी कधी गेला, कशानं गेला, किती वर्षं नोकरी, किती शाळा, ते सगळं आष्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय. सोबत फोटो, कुठल्यातरी सत्कारातला, हातात नारळ धरून कंटाळलेला. तुमाला मुळीच आवडला नसता. मी त्यातलं काय लिहिणार न्हाई. मला तुमाला एक गोष्ट सांगायची होती आणि सहा महिने मी ती सांगितली न्हाई. तेवढ्यासाठी बसलीय. पण एकदम न्हाई जमणार. तुमाला माहितीय, निबंध लिहितानापण मी अर्धं पान इकडचं तिकडचंच लिहायचे.

तर इकडचं तिकडचं आधी.

तुमाला कंपनीत आणायचं माझ्या डोक्यात आलं ते अपघातानंतर. आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हंजे पत्रा दाबून भाग काढायच्या मशीनच्या खात्यात, धनाजी म्हणून एक ऑपरेटर होता, आटपाडीकडचा, नवीनच लागलेला. प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. त्यानं मशीन बंद केलं आणि तुकडा काढायला हात घातला. पण बटण बंद केलं तरी मशीनचं ते मोठं चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि चाक फिरतंय तोवर प्रेस खाली येऊ शकतो. आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीच्या कागदावर एक ओळ लिहिली गेली, "प्रशिक्षण देऊनही कामगाराने काळजी घेतली नाही." हात बरा झाल्यावर त्याला परत कामावर घ्यायचं का न्हाई, ते ह्या ओळीवर ठरणार होतं.

प्रशिक्षण देणारी मी.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "प्राजक्ता, ट्रेनिंग कसंपण बदला, पण परत असं व्हायला नको." मी केबिनमधून बाहेर आले आणि पहिलं कोण आठवलं असेल तर तिसरीच्या वर्गातल्या तुमी. स्कूटी काढली ती थेट आष्टा. तुमी दारात तूर निवडत बसला होता.

"बाई, माझ्या कंपनीत येता का? मोठ्या माणसांना शिकवायचंय."

"मोठी म्हंजे केवढी?"

"मिशा असलेली."

"मिशा असलेली माझ्याकडं चौथीतच बसायची गं, आटपाडीकडं होते तवा. नापास होऊन होऊन. थांब, चपला घालते."

तूर तशीच सुपात ठेवून तुमी उठला! मी म्हणलं, बाई आज न्हाई, सोमवारी. तर तुमचा चेहरा उतरला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तुमाला. मला तेव्हा कळलं, तुमी ह्या दोन वर्षांत रोज सकाळी मनातल्या मनात शाळेत जात होता.

पहिल्या दिवशी तुमच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. वॉचमन हसला तर तुमी त्याला म्हणला, "हसतोस काय, शर्टाचं वरचं बटण लाव आदी." त्यानं लावलं! मग तुमी निळ्या खुर्चीत बसला आणि मी माझ्या बेचाळीस स्लाइड दाखवल्या. रंगीत, बाण सरकणाऱ्या, लय मेहनत घेतलेल्या. शेवटी विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" बाराच्या बारा जण एकदम म्हणले, "हो मॅडम!" आणि तुमी मागून खळखळून हसला. सगळे वळून बघायला लागले. मग तुमचं हसू असं मधेच तुटलं, जसं कुणी हात धरला.

बाहेर आल्यावर तुमी म्हणला, "प्राजे, बारा माणसं एका सुरात बोलली. खरंच समजलं असतं तर कुणीतरी मधेच काहीतरी विचारलं असतं. कुणीतरी वाकडं बोललं असतं. ही तर प्रार्थना म्हणल्यागत म्हणली."

"मग काय विचारू?"

"हे सोडून काहीपण विचार. हा प्रश्न आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशीचं तर मी आयुष्यभर विसरणार न्हाई. वीज पूर्ण काढून, कुलूप लावून ठेवलेल्या प्रेसपुढं तुमी स्टुलावर बसला आणि बॅचला म्हणला, "मी नवीन लागलीय. सातवी पास. मला काहीसुदिक येत न्हाई. शिकवा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणला, "आवं बाई, तुमी कशाला..."

"बाई कोण? इथं कोण बाई न्हाई. शिकीव की."

आणि मग तुमी एकेक चूक करायला लागला. आधी पदर मशीनवर टाकला. "पदर! पदर!" म्हणून चारजण ओरडले. "पदराला काय झालंय? कालच धुतलाय," तुमी म्हणला, आणि त्यांना समजावून सांगायला लागलं, पदर कुठं अडकतो, कसा ओढतो. मग तुमी बटण दाबल्यासारखं केलं आणि सरळ आत हात घातला. वीज न्हवती हे सगळ्यांना माहीत होतं, तरी हॉलमध्ये जो आवाज उठला! त्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो 'हो मॅडम' सोडून दोन दिवसांत एक शब्द न बोललेला माणूस. "चाक बघा की आदी! चाक!"

"चाकाचा आन माझा काय संबंध? मी तर बंद केलंय."

आणि तो सांगत गेला, हातवारे करून, घाम फुटेपर्यंत. माझ्या बेचाळीस स्लाइडपेक्षा भारी सांगितलं त्यानं. तुमी पर्समधून खडू काढला (निवृत्त होऊन दोन वर्षं आणि पर्समध्ये खडू!), जाळी उघडून थांबलेल्या चाकावर एक जाड रेघ ओढली आणि म्हणला, "चाक फिरतं तवा ही रेघ दिसायची न्हाई. थांबलं की दिसंल. रेघ दिसत न्हाई तोवर हात न्हाई." आता सगळ्या प्रेसवर पांढऱ्या रंगाची रेघ हाय, बाई. नवीन माणसाला कुणी सांगावंच लागत न्हाई, तो स्वतःच विचारतो की ही रेघ कसली.

अजून एक तुमी मला शिकवलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. नवीन माणसाला शिकवायला सगळ्यात हुशार ऑपरेटर द्यायचा न्हाई, मागच्या महिन्यात शिकलेला द्यायचा. "हुशाराला आठवतच न्हाई की त्याला कवा येत न्हवतं," तुमी म्हणला. "ज्याला काल समजलं त्याला अजून ठावं असतं, काल काय अडत हुतं."

भांडलोपण लय. कॅन्टीनमध्ये, चहा गार होईपर्यंत. मला सगळ्याचे व्हिडिओ करून फोनवर पाठवायचे होते आणि तुमी म्हणायचा, "फोनला दिसतंय का, कोण खिडकीबाहेर बघतंय ते?" त्या भांडणाचं उत्तर मी तयार करून ठेवलं होतं, बाई. व्हिडिओ मागं नेऊन दहा वेळा बघता येतो, माणसाला दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. चांगलं हाय ना? ह्यावर तुमी हरला असता. निदान अर्धा मिनिट तरी गप्प बसला असता. आता हे उत्तर मी कुणाला देऊ?

दुसरं भांडण मात्र मला झोपेतपण ऐकू येतं. मी म्हणलं होतं, "बाई, ही कंपनी हाय, बालवाडी न्हाई. मोठ्या माणसांना चूक शोधायचे खेळ लावले की लाजतात ती."

"लाजतात म्हणूनच लावायचे. पोरगं चुकलं तर हसतं. मोठं माणूस चुकलं तर लपवतं."

"सगळीच न्हाई लपवत."

"बरं," तुमी म्हणला आणि कपावरून माझ्याकडं बघत राहिला. ते सहज होतं का मला होतं? पंधरा दिवस मी तेवढीच नजर परत परत चालवून बघतीय, आणि दर वेळी ती वेगळी दिसती.

कारण त्याच दिवशी तुमी विचारलं, "त्या बोटं गेलेल्याचं नाव काय गं?" मी सांगितलं. गावपण सांगितलं. तुमी कप खाली ठेवला. वडलांचं नाव तुमीच सांगितलं, मला माहीत न्हवतं.

"माझ्या वर्गात हुता. तिसरीत. काळासावळा, मोठ्या डोळ्यांचा." आणि मग, "त्यानं पण 'हो' म्हणलं असंल न्हवं?"

"हो बाई."

मग तुमी जे सांगितलं ते तुमच्या आवाजात मला अजून ऐकू येतं. हातच्याच्या वजाबाक्या चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार, धडा पुरा दाखवायचा. तुमी घाईघाईत विचारलं, समजलं का मुलांनो? सगळा वर्ग म्हणला हो. एकटा धनाजी उभा राहिला आणि म्हणला, न्हाई समजलं. तुमी म्हणला, "सगळ्यांना समजलं, तुलाच कसं न्हाई? खाली बस." वर्ग हसला. "त्यानंतर वर्षभरात त्या पोरानं परत कवा न्हाई म्हणलं न्हाई, प्राजे. त्याला हो म्हणायला मी शिकवलं. ती बोटं माझ्यापाशी हायत."

तुमी मला तुमची सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली. पुढ्यात ठेवली. मी काय केलं? मी म्हणलं, "असं काय न्हाई हो बाई, जाऊ दे." आणि चहाचे कप उचलून ठेवायला गेले.

आता लिहिते. आमच्या ट्रेनिंगच्या कागदावर शेवटचा रकाना असतो, "मशीनवर प्रत्यक्ष दाखवले." प्रत्येक नावापुढं बरोबरची खूण करायची. धनाजीच्या बॅचला मी मशीनवर नेलंच न्हवतं, बाई. सोमवारी आमच्याकडून माल घेणाऱ्या कंपनीची माणसं फाइल तपासायला येणार होती. शनिवारी एकही प्रेस रिकामा मिळेना. मी चाकाची स्लाइड दाखवली, समजलं का विचारलं, हो मॅडम आलं, आणि मी नऊ नावांपुढं नऊ खुणा केल्या. भराभर, एका दमात. धनाजीची पाचवी.

तुमची तपासणी, माझी तपासणी. तुमी सत्तावीस वर्षांपूर्वीचं सांगत होता आणि मला माझा शनिवार दिसत होता. तुमी सगळा दोष स्वतःवर घेत होता आणि मला, देवाशप्पथ, हलकं वाटत होतं. ही गोष्ट खुणेपेक्षापण वाईट हाय. मी तुमाला ते ओझं उचलू दिलं.

नंतर तुमी त्याच्या गावाला जायला लागला. आष्टा ते सांगली, सांगली ते आटपाडी, तिथून पुढं वडापची जीप. गुडघे दुखायचे तरी. मी म्हणायचे, बाई कशाला जाता, तर तुमी विषय बदलायचा. आणि तुमी कायमच्या जायच्या दोन दिवस आधीचा तुमचा तो व्हॉइस मेसेज. मागं एसटीचा हॉर्न वाजतोय. "प्राजे, धनाजीकडनं आले गं आत्ता. एकदा निवांत ये. मला तुझ्याशी बोलायचंय." मी त्यावर अंगठा पाठवला. नुसता अंगठा! काय बोलायचं होतं तुमाला? त्यानं तुमाला सांगितलं होतं का, की मशीनवर कुणी नेलंच न्हाई म्हणून? का नुसतं व्हिडिओचं भांडण पुढं न्यायचं होतं? मी तो मेसेज इतक्यांदा ऐकलाय की आता 'बोलायचंय' ह्या शब्दात मला कधी माया ऐकू येते, कधी जाब.

परवाच्या रविवारी मीपण गेले. एसटी, मग वडाप. धनाजीभाऊ अंगणात होते, उजवा हात मांडीखाली घेऊन बसलेले. मी दिसले तसे उठले. "याऽ मॅडम. आगं, पाणी आण."

भिंतीच्या कोनाड्यात दुरेघी वही होती. मी बघत होते तर ते हसले. "बाईंनी लावलेला अभ्यास. डाव्या हातानं. सही जमाया लागलीय आता. आधी मुंगळा चालल्यागत यायची."

मी पाणी प्यायचं सोडून सगळं सांगून टाकलं. शनिवार, स्लाइड, खूण. त्यांच्या बायकोनं चहाचा ट्रे तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता शिव्या येतील, येऊ देत.

"बाईंना सांगितलं हुतं?"

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजे त्या तसंच समजून गेल्या."

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"बोटांचं सोडा वं," ते म्हणले. आवाज चढला न्हवता, त्याचीच भीती वाटत होती. "बोटं गेली ती गेली. पर तीन बाऱ्या आल्या त्या हितं. दर बारीला माझ्या पाया पडायला वाकायच्या. बाई! माझ्या! मी धरायचो, म्हणायचो, आवं बाई काय करता, मला तर कायबी आठवत न्हाई. आन खरंच आठवत न्हाई, मॅडम. खाली बस म्हणल्या का उभा ऱ्हा म्हणल्या, कायबी न्हाई. मला आठवतंय ते बाईंनी माझ्या फुटक्या पाटीला दोरी बांधून दिलेली. त्या ऐकायच्याच न्हाईत. आन तुमी तिकडं गप बसून हुता."

मी रडायला लागले. त्यांची बायको म्हणली, "आवं, जाऊ द्या की, पोर हाय ती." ते तिच्याकडं बघितलेपण न्हाईत.

"रडू नका. रडून कागद बदलत न्हाई. हाय का कागद? लिवा."

मी पर्समधून वही काढली आणि लिहिलं. कोणत्या बॅचला, कोणत्या मशीनवर नेलं नाही, कुठल्या रकान्यात खोटी खूण केली, चौकशीतली ती ओळ कशी चुकीची हाय. खाली माझं नाव. त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं. त्यांच्या बायकोनं ऐकलं, आत जात्यापाशी बसलेल्या त्यांच्या आईनं ऐकलं, कुंपणापलीकडं शेळी बांधत असलेल्या बाईनंपण ऐकलं. माझा आवाज दोनदा फुटला. ते म्हणले, "परत. नीट."

मग म्हणले, "आन एक वळ घाला. बाईंची कायबी चूक न्हाई म्हणून."

"धनाजीभाऊ, कंपनीच्या कागदात बाईंचं नावच न्हाई कुठं. त्यांना कुणी दोष दिलेलाच न्हाई."

"घाला म्हणतोय न्हवं."

घातली. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं सही केली. जाताना मी हात जोडले. त्यांनी जोडले न्हाईत. फाटकापर्यंत आले मात्र, आणि म्हणले, "वडाप वरच्या वळणाला थांबतंय, खाली न्हाई." तेवढंच.

आज सकाळी वहीतला तो कागद साहेबांना दिला. त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

"प्राजक्ता, हे वर पाठवावं लागेल. तुझ्या नोकरीचं काय होईल मी सांगू शकत नाही."

"माहितीय, साहेब. धनाजीभाऊंचं व्हायला पायजे."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीवर थांबले. "ह्या चौगुले बाई म्हणजे आपल्याकडं यायच्या त्याच ना? अपघात झाला तेव्हा तर त्या कंपनीत आल्यापण नव्हत्या. त्यांना कुणी दोष दिला होता?"

"त्यांनीच, साहेब. स्वतःला."

"मग ह्या कागदात कशाला? वरची माणसं गोंधळतील. ही एवढी ओळ काढू या."

"न्हाई साहेब. ती राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. जेवणाच्या सुट्टीआधीच टपालात गेला कागद. धनाजीभाऊंची बोलीतली ओळ लिहिताना मी चार वेळा खाडाखोड केली होती, बाई, कंपनीच्या भाषेत ती बसतच न्हवती. शेवटी साधीच लिहिली. "कै. चौगुले बाई यांनी धनाजी यांना तिसरीत शिकवले. त्यांची यात काहीही चूक नाही."